साहेब म्हणाले, अशक्य!

माझी एक मैत्रीण डेटा ॲनालिस्ट आहे. गेल्या महिन्यात तिने तीन आठवडे खपून एक रिपोर्ट बनवला. बाकी सगळे आकडे अपेक्षेप्रमाणे आले, एकच भलताच आला. तिने तो पुन्हा काढून पाहिला, मग पुन्हा एकदा. तरी तोच. मीटिंगमध्ये बॉसने स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘हे शक्यच नाही. कुठेतरी गडबड आहे. ही स्लाइड काढ.’

रात्री तिचा फोन. ‘गडबड नव्हती गं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘ते पंधरा वर्षं या लाइनमध्ये आहेत. मी दोन.’

यावर काय बोलणार? मी तिला सिसिलिया पेनची गोष्ट सांगितली. तिलाही एकच आकडा भलता आला होता. फरक एवढाच की तो आकडा कुठल्या क्लायंटच्या सेल्सचा नव्हता, सूर्याचा होता.

सिसिलिया इंग्लंडची, जन्म 1900 सालचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकायला गेली होती. 1919 मध्ये आर्थर एडिंग्टन सूर्यग्रहणाची मोहीम करून परतले, आइन्स्टाइनच्या सिद्धांताला पुष्टी देणारे फोटो घेऊन. त्यांच्या लेक्चरची चारच तिकिटं न्यूनहॅमच्या मुलींच्या वाट्याला आली. एकीला ऐन वेळी जमेना, म्हणून ते तिकीट सिसिलियाला मिळालं. लेक्चर ऐकून खोलीवर आली आणि अख्खं लेक्चर जवळपास शब्दन् शब्द लिहून काढलं. पुढच्या तीन रात्री झोपच नाही! वनस्पतिशास्त्र सुटलं, फिजिक्स धरलं.

फिजिक्सच्या वर्गात वेगळाच तमाशा. मुलींनी पहिल्या बाकावर बसायचं असा नियम आणि मुलगी ही एकटीच. रुदरफोर्डसारखा मोठा माणूस लेक्चर सुरू करताना तिच्याकडे रोखून बघत ‘लेडीज’ म्हणायचा आणि मागची पोरं पाय आपटून हसायची. शिक्षण पुरं झालं, पण पदवी नाही. केंब्रिज मुलींना शिकू द्यायचं, डिग्री द्यायचं नाही. ती द्यायला त्यांनी 1948 उजाडवलं. इंग्लंडमध्ये राहून आपल्याला फार तर शाळेत शिकवता येईल, हे तिला कळून चुकलं होतं. 1923 मध्ये एक फेलोशिप मिळवून तिने थेट हार्वर्ड वेधशाळा गाठली.

हार्वर्डकडे जगात कुणाकडे नव्हता असा खजिना होता. आकाशाचे काचेच्या प्लेट्सवर घेतलेले असंख्य फोटो आणि त्यात ताऱ्यांचे वर्णपट. म्हणजे ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फाकवला की जो रंगीत पट्टा दिसतो, तो. त्या पट्ट्यात मध्येमध्ये काळ्या रेषा असतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात. ॲनी जंप कॅनन या बाईंनी दोन लाखांवर ताऱ्यांचं या रेषांवरून वर्गीकरण करून ठेवलं होतं. वर्ग पाडले होते, पण त्यांचा नेमका अर्थ लावायचा राहिला होता.

तो लावण्याची किल्ली कुठून यावी? कलकत्त्याहून! 1920 मध्ये मेघनाद साहा यांनी एक समीकरण मांडलं होतं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा, वय अवघं 26. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : रेष गडद दिसते म्हणून ते मूलद्रव्य जास्त आहे, असं समजू नका. किती तापमानाला, किती दाबाखाली किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून बसलेत, त्यावरही रेषेचा गडदपणा ठरतो. सिसिलियाच्या ओळखीतल्या एडवर्ड मिल्न या तरुण शास्त्रज्ञाने तिला सुचवलं होतं, की साहांच्या समीकरणाची परीक्षा हार्वर्डच्या प्लेट्सवर घेऊन बघ. (शाळेत साहांचं नाव ‘भारतीय शास्त्रज्ञ’ या धड्यात पाच ओळींत उरकलं होतं. सूर्य कशाचा बनलाय हे त्यांच्यामुळे कळलं, एवढं जरी कुणी सांगितलं असतं, तर तो धडा लक्षात राहिला असता!)

त्या काळी सगळे धरून चालले होते की सूर्य म्हणजे तापलेली पृथ्वीच. कारण सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांची नुसती गर्दी आहे, कॅल्शियमच्या तर फारच ठळक. हीच द्रव्यं आपल्या पायाखाली आहेत. हिशेब जुळला, विषय संपला.

सिसिलियाने दोन वर्षं अक्षरशः रात्रीचा दिवस करून गणित मांडलं. सिलिकॉन, सोडियम, मॅग्नेशियम अशी बरीचशी द्रव्यं साधारण पृथ्वीवरच्या प्रमाणातच निघाली. हायड्रोजनने मात्र घोटाळा केला. गंमत अशी की हायड्रोजनच्या ज्या रेषा आपल्याला दिसतात, त्या उमटायला त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन आधीच एक पायरी वर चढलेला लागतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सियस. एवढ्या उष्णतेतही अब्ज अणूंमध्ये जेमतेम पाच-सहा असे पायरी चढलेले सापडतात. आणि तरी रेषा ठसठशीत! ट्रेनच्या डब्यात कोटीत एखादाच शिट्टी वाजवणारा असतो असं समजा आणि तरी स्टेशनभर शिट्ट्या ऐकू येतायत. मग गर्दी केवढी असेल? सिसिलियाचं उत्तर : बाकीच्या द्रव्यांच्या तुलनेत हायड्रोजन सुमारे दहा लाख पट. सूर्य पृथ्वीसारखा नाहीच. तो बहुतांश हायड्रोजन आणि त्याखालोखाल हेलियम.

प्रबंधाचा मसुदा तिचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी आपल्या गुरूंकडे पाठवला. गुरू म्हणजे प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल, अमेरिकेतल्या खगोलशास्त्रातला शेवटचा शब्द. त्यांनी नाही म्हटलं की करिअर आटोपलं. जानेवारी 1925 मध्ये रसेलसाहेबांचं पत्र आलं. कामाचं कौतुक होतं, पण हायड्रोजन दहा लाख पट असणं उघड उघड अशक्य आहे, असं त्यांनी कळवलं. यात एक मेख होती. सूर्य आणि पृथ्वीचं कवच यांचे घटक सारखे आहेत, हे 1914 मध्ये मांडणाऱ्यांत रसेल स्वतः होते.

सिसिलिया तेव्हा 24 वर्षांची. परक्या देशात, फेलोशिपवर. तिने प्रबंधात लिहून टाकलं की हायड्रोजन आणि हेलियमचं हे प्रचंड प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही. वाक्य बदललं, पण कोष्टकातला आकडा खोडला नाही. ज्याला वाचता येतं त्याला तो तिथे आजही दिसतो.

डॉक्टरेट मिळाली, रॅडक्लिफ कॉलेजची खगोलशास्त्रातली पहिलीच. हार्वर्ड तेव्हा मुलींना ती देत नव्हतं. चार वर्षांनी, 1929 मध्ये, रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले. सूर्यावर हायड्रोजनच हायड्रोजन! आता बोलणारे रसेल, त्यामुळे शंका घेतो कोण? आपल्या पेपरात त्यांनी सिसिलियाच्या आकड्यांशी आपले आकडे जुळतात असं नोंदवलं, ते नाकारून चालणार नाही. पण शोध बरीच वर्षं त्यांच्याच नावावर जमा राहिला.

रसेलना सरळ खलनायक करून टाकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांची चूक प्रामाणिक होती आणि पुरावा पुढे आल्यावर त्यांनी मत बदललं. किती साहेब बदलतात? माझी तक्रार त्या चार वर्षांबद्दल आहे. तो आकडा नुसता आकडा नव्हता. सूर्य कशाच्या जोरावर एवढी वर्षं जळतोय, या प्रश्नाचं इंधन त्यातच होतं. हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातून ऊर्जा सुटते, हे हान्स बेथे यांनी सविस्तर मांडलं 1939 मध्ये.

आणि पगार? वाचताना मला सगळ्यात जास्त राग तिथे आला. शॅप्ली तिला पैसे द्यायचे ते वेधशाळेच्या उपकरणांच्या बजेटमधून. म्हणजे हिशेबात बाई दुर्बिणीच्या भिंगांच्या रांगेत! ती शिकवायची, पण तिचे कोर्स विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये 1945 पर्यंत छापलेच जात नव्हते. दरम्यान 1934 मध्ये तिने सर्गेई गापोश्किन या रशियन खगोलशास्त्रज्ञाशी लग्न केलं, तीन मुलं झाली, दोघांनी मिळून बदलत्या तेजाच्या ताऱ्यांची लाखो निरीक्षणं केली. हार्वर्डने तिला प्रोफेसर केलं 1956 साली, वयाच्या 56व्या वर्षी. मग ती विभागप्रमुखही झाली. हार्वर्डमध्ये विभागप्रमुख झालेली ती पहिली बाई.

म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात तिने रसेलना बोल लावलेला नाही. दोष स्वतःकडे घेतलाय. आपण बरोबर आहोत हे माहीत असूनही अधिकारापुढे मान तुकवली, तरुणांनी असं करू नये, असं ती लिहिते. मला हे वाचून अजून चुटपुट लागते. 24 वर्षांच्या, उद्या नोकरी राहील का माहीत नसलेल्या मुलीने आणखी काय करायला हवं होतं?

1976 मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला आपला मोठा सन्मान दिला. त्याचं नाव हेन्री नॉरिस रसेल पुरस्कार! नियतीचा सेन्स ऑफ ह्यूमर असा. तीन वर्षांनी, 1979 मध्ये, ती गेली.

गोष्ट संपली तेव्हा मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी स्लाइड डिलीट नाही केलेली. हाइड केलीय.’ पुढच्या गुरुवारी त्यांचा क्वार्टर्ली रिव्ह्यू आहे.