कॅराव्हॅनमधलं सांडपाणी जातं कुठे? न्यूझीलंडचा नियम आणि महाराष्ट्रासमोरचा प्रश्न

धरणाच्या काठावर उभी असलेली कॅराव्हॅन, आत छोटासा ओटा आणि त्यावर उकळणारा चहा. असे रील्स हल्ली मराठी फीडमध्येही भरपूर दिसतात. चहाची भांडी विसळल्यावर ते पाणी कुठे गेलं, हे मात्र सहसा दिसत नाही.

घरात हे पाणी मोरीतून गटारात जातं. गाडीला गटार नसतं. त्यामुळे ते टाकीत साठवायचं की तिथेच जमिनीवर सोडायचं, हा निर्णय प्रवाशाच्या हातात असतो. न्यूझीलंडने तो त्याच्या एकट्याच्या मर्जीवर ठेवलेला नाही. महाराष्ट्रातही कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, त्यामुळे हा प्रश्न इथेही येणारच आहे.

ग्रे वॉटर म्हणजे काय?

सिंक, बेसिन आणि शॉवरमधून निघणाऱ्या पाण्याला 'ग्रे वॉटर' म्हणतात. शौचालयातला मैला म्हणजे 'ब्लॅक वॉटर'. तो वेगळ्या टाकीत साठवला जातो आणि तो उघड्यावर टाकू नये, याबद्दल फारसा वाद नसतो. वाद होतो तो ग्रे वॉटरवरून, कारण 'साबणाचंच तर पाणी आहे' असं अनेकांना वाटतं.

पण त्यात तेल, अन्नाचे कण, साबण आणि अंगावरचे जंतूही असतात. टाकीत दिवस-दोन दिवस तसंच राहिलं की ते कुजतं आणि वास मारायला लागतं. ओढ्यात किंवा तलावात गेलं, तर साबणातली रसायनं माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना त्रासदायक ठरतात. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले, तर शेवाळही वाढतं.

'बायोडिग्रेडेबल' साबण वापरला म्हणजे प्रश्न संपला, असंही नाही. असा साबण विघटित व्हायला माती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव लागतात. थेट पाण्यात मिसळला, तर तोही पाणी बिघडवतो. म्हणूनच पायी भटकणाऱ्यांनाही धुण्याचं पाणी ओढ्यापासून किमान 60 मीटर लांब नेऊन टाकायला सांगितलं जातं.

न्यूझीलंडने काय केलं?

न्यूझीलंडमध्ये ठरावीक कॅम्पसाइट सोडून सार्वजनिक जागी गाडीत मुक्काम करण्याला 'फ्रीडम कॅम्पिंग' म्हणतात. त्यासाठी 2011 मध्ये कायदा झाला. 2023 मध्ये तो कडक करण्यात आला. आता स्थानिक परिषदेच्या जागेवर गाडीत राहायचं, तर गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असल्याचं प्रमाणपत्र लागतं. परिषदेने वेगळी परवानगी दिलेल्या जागा याला अपवाद आहेत.

सेल्फ-कंटेन्ड म्हणजे आपलं पाणी आणि आपली घाण तीन दिवस आपल्याच गाडीत ठेवू शकणारी गाडी. हिशोब माणशी दिवसाला 4 लिटरचा आहे. म्हणजे प्रत्येकासाठी 12 लिटर स्वच्छ पाणी आणि 12 लिटर ग्रे वॉटर मावेल एवढी सोय हवी. चौघांसाठी ही टाकी 48 लिटरची होते. शिवाय पक्कं बसवलेलं शौचालयही आवश्यक आहे.

नव्या अटींमुळे जुन्या गाड्यांमध्ये बदल करावे लागले. खासगी गाड्यांसाठी मुदत आधी जून 2025 पर्यंत होती, ती वर्षभराने वाढवून जून 2026 करण्यात आली.

मात्र टाकी भरल्यावर ती रिकामी कुठे करायची? त्यासाठी तिथे 'डंप स्टेशन' असतात. गावाबाहेर, कॅम्पसाइटवर किंवा काही पेट्रोल पंपांवर सांडपाणी वाहिनीला किंवा सेप्टिक टाकीला जोडलेली ही जागा असते. गाडी उभी करायची, नळी जोडायची, टाकी रिकामी करून पुढे निघायचं. ही सोय नसेल, तर टाकीची सक्ती फक्त कागदावर राहते.

अमेरिकेत एकाच देशात दोन नियम

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत गाडीतलं सांडपाणी ठरवून दिलेल्या जागीच सोडावं लागतं. पण भू-व्यवस्थापन विभागाच्या अखत्यारीतल्या विस्तीर्ण मोकळ्या जमिनींसाठीचा केंद्रीय नियम, गाडीतला मैला सोडायला मनाई करताना धुण्याच्या पाण्याला सूट देतो. तिथेही राज्याचे नियम याहून कडक असू शकतात.

हा फरक विसंगत वाटेल. पण ओसाड, कोरड्या भूभागात तुरळक गाड्या थांबणं आणि एकाच लोकप्रिय जागी रोज रांगेने गाड्या लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका गाडीचं बादलीभर पाणी माती पचवू शकते. त्याच कोपऱ्यात महिनाभर रोज वीस गाड्यांचं पाणी पडलं, तर तिथे चिखल, माश्या आणि दुर्गंधी येणारच.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात गाड्यांसोबत कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. केरळनेही त्याच वर्षी 'केरवन केरळ' योजना आणली.

'घरचं सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडतोच की, मग गाडीचं का नको?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. केळीखालची माती खोल असते आणि रोज पाणी किती पडतं, याचा अंदाज असतो. गावात शोषखड्डा घेतात तोही जागा आणि जमीन बघून. सह्याद्रीच्या सड्यांवर मात्र कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. तिथे ओतलेलं पाणी मुरत नाही, ते उताराने वाहत जातं.

शिवाय कॅम्पिंगसाठी लोकप्रिय असलेले अनेक जलाशय पिण्याच्या पाण्याचे स्रोत आहेत. ज्या पवना धरणाच्या काठावर वीकेंडला गर्दी होते, त्याच धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी जातं.

कायद्याचा आधारही आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यातलं कलम 24, ठरलेल्या मानकांपलीकडचे प्रदूषक जाणूनबुजून नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर सोडायला मनाई करतं. पण चालत्या गाडीवर रोज लक्ष कोण ठेवणार? म्हणून टाकी रिकामी करायची सोय जवळ असणं दंडापेक्षा जास्त उपयोगी ठरतं. कॅराव्हॅन पार्क उभारताना वीज आणि पाण्याच्या जोडणीइतकीच सांडपाण्याची जोडणी महत्त्वाची आहे.

प्रवासी काय करू शकतात?

- ताटातलं खरकटं आणि तेल आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मग भांडी धुवा. सिंकला बारीक जाळी लावा.
- आंघोळीचा हिशोब करा. एका बादलीत साधारण 15 ते 20 लिटर पाणी मावतं. चौघांच्या आंघोळीतच 48 लिटरची टाकी भरून वाहील. शक्यतो मुक्कामाच्या ठिकाणचं स्नानगृह वापरा.
- गाडीला ग्रे वॉटरची टाकी नसेल, तर सिंकच्या नळीखाली झाकणाचा कॅन ठेवा.
- पावसाळी गटारात पाणी ओतू नका. ते बहुतेक वेळा प्रक्रिया न होता थेट ओढ्याला किंवा नदीला मिळतं.
- गाडी भाड्याने घेताना दोन प्रश्न विचारा: सांडपाण्याची टाकी किती लिटरची आहे, आणि ती वाटेत कुठे रिकामी करायची?

दुसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं नाही, तर ते पाणी शेवटी कुठे जाणार, याचा अंदाज निघण्याआधीच आलेला बरा.