मैलभर चालणारं पेन

अमेरिकेच्या सरकारी कचेऱ्यांत आणि लष्करी तळांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जाणारं ‘स्किलक्राफ्ट’चं काळं बॉलपेन अंध कामगार जोडतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरातला असाच एक ना-नफा कारखाना त्यासाठी ओळखला जातो. पेनाने किमान मैलभर लिहिलंच पाहिजे, ही सरकारची अट. दर्जात दयेची सूट नाही.

याचं मूळ १९३८च्या वॅग्नर-ओ'डे कायद्यात आहे. ठरावीक वस्तू सरकारने अंधांच्या संस्थांकडूनच घ्यायच्या. खात्रीची मागणी मिळाली की कारखाना उभा राहतो, आणि कौशल्यही वाढतं: सिएटलची लाइटहाउस संस्था बोइंगसाठी विमानांचे सुटे भाग बनवते.

मात्र त्याच वर्षीच्या कामगार कायद्याने अपंगांना किमान वेतनाहून कमी पगार देण्याची मुभा दिली. हा उघड अन्याय होता. या सरकारी कंत्राटांपुरती ती मुभा जायला २०२२ उजाडलं!

दुसरी खोट अजून आहे. प्रत्यक्ष उत्पादनाचे ७५ टक्के तास अंधांनी भरावेत, असा नियम. त्यात देखरेख आणि व्यवस्थापनाचे तास मोजतच नाहीत. म्हणजे अंध कामगाराला बढती दिली, तर संस्थेचं प्रमाण घटतं. हा हिशेब आधी बदलायला हवा.