तंजावरची वीणा संगणकात

फणसाच्या लाकडाच्या तंजावर वीणेवर 24 पडदे मेणात पक्के बसवलेले असतात. पूर्वी राग बदलला की पडदे सरकवावे लागत. ती कटकट मिटवण्याचे श्रेय सतराव्या शतकातील रघुनाथ नायक राजाला देतात (व्यंकोजीराजांचे तंजावर त्यानंतरचे).

संगणकावर संगीत करणाऱ्या तुमच्या मुलांनाही अशीच पक्की जुळणी लागते. तिला 'प्रीसेट' म्हणतात. तयार प्रीसेटमध्ये स्वर बहुधा दोनच अर्धस्वर खेचता येतो. वीणेची तार मात्र त्याहून बरीच खेचतात. मग गमक येणार कुठून? ही मर्यादा वाढवा, पण बदल मूळ प्रीसेटवर जतन करू नका. वेगळे नाव द्या. 'नवीन 1' नको, 'वीणा, काळी चार, गमक पाच' असे, म्हणजे महिन्याभरानेही सापडेल.

प्रीसेटमध्ये असते ती बहुधा फक्त जुळणी. वीणेचा आवाज वेगळ्या फायलींत असतो. माझा भाचा गॅदरिंगला नुसता प्रीसेट पेनड्राइव्हवर घेऊन गेला. तिथल्या संगणकात ती वीणाच नव्हती! आता तो वीणेचा भाग आधीच वाजवून, ध्वनिमुद्रित करून सोबत नेतो.