चेहरा घासून मुरूम जात नाहीत

चेहऱ्यावर मुरूम दिसू लागले की घरात सल्ल्यांची रीघ लागते. कुणी म्हणतं उष्णता वाढली, कुणी म्हणतं पोट साफ नाही. कुणी लिंबू चोळायला सांगतं, कुणी टूथपेस्ट. पंधरा-सोळा वर्षांचं पोर हे सगळं मुकाट्याने करत राहतं आणि चेहरा आणखी लालबुंद होतो. अशा मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्वचेशी चाललेली ही झटापट आधी थांबवा.

मुरूम अस्वच्छतेने येत नाहीत. वयात येताना शरीरातली अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्यातच मृत पेशींचं बूच बसलं की रंध्र बंद होतं. आत कोंडलेल्या तेलावर, एरवीही त्वचेवर राहणारे जिवाणू पोसतात आणि तिथे सूज येते. ब्लॅकहेडचं काळं टोकसुद्धा मळ नसतो, तिथल्या मेलॅनिनमुळे आणि हवेमुळे ते काळं दिसतं. मग घासून निघणार काय? फक्त त्वचा सोलवटते.

चेहरा दिवसातून दोनदा धुवा, शिवाय खेळून-घामेजून आल्यावर एकदा. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश आणि बोटांची पेरं, एवढं पुरे. टॉवेलने खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा. तेलकट त्वचेलाही हलकं मॉइश्चरायझर लागतं. बाटलीवर ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलंय का ते बघून घ्या. डोक्याला चोपडलेलं खोबरेल रात्री कपाळावर उतरतं आणि तिथे बारीक पुटकुळ्या उठतात. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावा. लिंबू तर चेहऱ्याला लावूच नका. ते लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. आणि मुरूम फोडू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम बसल्यानंतरही काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. फोडण्याने आणि उन्हाने ते आणखी गडद होतात, म्हणून दिवसा बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेडिकलवाल्याकडून ‘डाग जायची क्रीम’ आणू नका. मैत्रिणीने दिलेली, मावशीने सुचवलेली, पार्लरमध्ये मिळालेली ट्यूबही नको. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. आठवडाभरात चेहरा उजळतो, मुरूम बसतात, त्यामुळे औषध लागू पडल्यासारखं वाटतं. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते आणि मुरूम पहिल्यापेक्षा जास्त येतात. लावणं थांबवलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती मुरमांवर लावू नका. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर त्या सहज मिळतात. तुम्ही आधीच महिनोन्‌महिने लावत असाल तर ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती कशी बंद करायची ते तेच सांगतील.

खाण्याचं काय? वडापावातलं तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. पण मैद्याचा पाव, बटाटा आणि वर गोड चहा यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन वाढतं आणि तैलग्रंथींना आणखी चालना मिळते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात १५ ते २५ वयाच्या तरुणांनी १२ आठवडे साखर हळू चढवणारं जेवण घेतलं, तेव्हा त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. म्हणून चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे खा. ताटात उसळ आणि पालेभाजी वाढवा, कोल्ड्रिंक बंद करा. दुधाचा आणि मुरमांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे, पण तो पक्का सिद्ध झालेला नाही, तेवढ्यासाठी वाढत्या वयाच्या मुलांचं दूध तोडू नका. जिमला जाणाऱ्यांनी मात्र दुधापासूनच बनणारं व्हे प्रोटीन दोन-तीन महिने बंद ठेवून फरक पडतो का ते जरूर बघावं. नुसत्या पथ्याने सगळं जाईल, असंही समजू नका.

औषधाला वेळ द्या. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल २.५ टक्क्यांचं पुरतं, जास्त तीव्र घेतलं की आगच वाढते. त्याने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला. डॉक्टरांनी अ‍ॅडापॅलिन दिलं तर रात्री चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढंच घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पसरा, नुसतं मुरमावर टेकवू नका. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, क्वचित मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. तीव्र मुरमांसाठी देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी तर गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका. मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केसही येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. आणि लग्नकार्यात भेटल्या भेटल्या ‘अगं, चेहऱ्याला काय झालं?’ असं चारचौघांत कुणाला विचारू नका. तिने सकाळी आरशात ते पाहिलेलं असतं.