नवख्यांच्या खांद्यावर अपेक्षांचे ओझे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम जवळ आला, की प्रथम वर्षाच्या खेळाडूंची चर्चा रंगू लागते. मुख्य संघाची दारे त्यांना १९७२मध्ये खुली झाली. १९८०मध्ये हर्शेल वॉकरने जॉर्जियाच्या विजेतेपदात सिंहाचा वाटा उचलला. २०२४मध्ये ओहायो स्टेटच्या जेरेमाया स्मिथने पदार्पणाच्या हंगामातच १५ टचडाउन झेलले. मात्र हे अपवाद आहेत. २०२१मध्ये खेळाडूंना नाव व प्रतिमेतून कमाईची मुभा मिळाली आणि संघ बदलण्याचे नियमही सैल झाले. परिणामी, एकही सामना न खेळलेल्या १८ वर्षांच्या मुलाचेही मोल ठरू लागले. मोल आधी, पारख नंतर, असा हा उलटा क्रम आहे. राखीव खेळाडू म्हणून शिकण्याची उसंतच उरली नाही, तर नुकसान अखेर खेळाचेच होईल.