नदीकाठापेक्षा परमिट रूम बरी

गटारी अमावास्येच्या आठवड्यात बैठकांना अंत नसतो. आज मित्र, उद्या ऑफिसातली मंडळी, परवा पाहुणे. कल्याण-कसारा मार्गावर खडवलीला उतरणाऱ्यांची पावलं मग भातसा नदीकडे वळतात. अशा गावात नवी परमिट रूम दिसली की आधी विरोध होतो. मला मात्र ती हवी वाटते. पिणारे येणारच असतील, तर ते छताखाली, जेवणाच्या ताटासमोर बसलेले बरे. काठावर शेवाळलेले खडक असतात, पिशवीत बाटल्या असतात आणि वर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं. भातसेत माणसं बुडाली आहेत. परवान्याच्या जागेला वेळेचं बंधन असतं, बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट असते, तक्रारीला मालक सापडतो. काठावर कोण सापडणार?

परमिट रूममधून उठून लोक नदीवरच जातील, ही शंका रास्त आहे. म्हणून जागा स्टेशनकडे हवी आणि काठावरचा पोलीस बंदोबस्तही राहायला हवा. दारूने संसार मोडतात, हा आक्षेप याहून जड आहे आणि तो खराच आहे. त्यावर दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं ‘आडवी बाटली’चं मतदान आहे, पण ते दुकान उघडल्यानंतरचं, शिवाय एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात, म्हणजे घरी राहिलेली बाईसुद्धा दारूच्याच पारड्यात जाते. हे अन्यायाचं आहे. परवाना देण्याआधीच गावातल्या बायकांना विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर देऊ नका.