व्हिडिओत आवाज मागं राहतो, त्याकडं दुर्लक्ष करू नका

आजची नोंद पिकाची नाही, पण पिकाशी संबंध असलेलीच आहे.

हल्ली आपले बरेच शेतकरी फोनवर व्हिडिओ काढून टाकतात. चांगलं आहे. पण दहा मिनिटांच्या व्हिडिओत शेवटी शेवटी ओठ एक बोलतात अन् आवाज दुसराच येतो. कुणी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "आपण काय सिनेमा काढतोय का?" मला हे पटत नाही. समजा एकाच व्हिडिओत उसाचं आणि कपाशीचं तणनाशक सांगितलं. आवाज दोन सेकंद मागं राहिला, तर तेवढ्यात हातातली बाटली बदलते. दिसते कपाशीची, ऐकू येतं टू-फोर-डी. अन् टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं भेंडीसारखी होतात. बघणारा बाटलीकडं बघतो, हे ध्यानात घ्या.

हे होतं कशानं? फोन सेकंदाला 30 चित्रं काढतो म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की कमी काढतो. आवाज मात्र एका चालीनं भरत राहतो. काही एडिटिंग ॲप सगळीकडं 30 च धरतात. सरासरी 29.9 जरी पडली, तर 10 मिनिटांत 18,000 ऐवजी 17,940 चित्रं येतात. ती 598 सेकंदांतच संपतात. म्हणजे चित्र 2 सेकंद पुढं पळालं.

उपाय अवघड नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. ॲपमध्ये आवाजाच्या पट्टीवर टाळीचा उंच टोक दिसतो. तळहात मिळतात ते चित्र आणि तो टोक जुळतात का बघा.

दोन्ही टाळ्यांना फरक सारखाच असला, तर आवाज वेगळा काढून तेवढा सरकवा, काम झालं.

सुरुवातीला जुळतं अन् शेवटी चुकतं, तर सरकवून भागत नाही. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून, 30 ठेवून फाईल आधी बदलून घ्या, मग एडिट करा. कॉम्प्युटर नसला तर बोलण्यात थांबा येतो तिथं तुकडे पाडा आणि एकेक तुकडा जुळवा. वेळ जातो, पण जमतं.

आणखी दोन गोष्टी. ब्लूटूथ इअरफोन लावून तपासू नका, त्यात आवाज मुळातच उशिरा येतो. फोनच्या स्पीकरवर ऐका. आणि माईक तोंडाजवळ ठेवा. लांबच्या बांधावर कुऱ्हाडीचा घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो, तसंच इथं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर फुटांवरून बोललात तर जवळजवळ तीन चित्रांचा फरक पडतो.

माझं म्हणणं एवढंच : ज्या व्हिडिओत औषधाचं नाव आणि प्रमाण आहे, तो शेवटच्या मिनिटापर्यंत बघूनच टाकावा. जुळत नसेल तर टाकू नये. प्रमाण कागदावर लिहून फोटो टाकला तरी चालतो. लोक आपलं ऐकून पंप भरतात.

तुम्हाला काय वाटतं, खाली लिहा.